अळंबी, प्रेम आणि कायमची नोकरी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही कामगार-कायद्यावर किंवा एखाद्या संपाच्या आठवणींवर बोलू अशी त्यांची समजूत असावी. त्यांचा दोष नाही. गेली तीस वर्षे आम्ही दुसरे काही बोललेलो नाही. आम्ही एका चित्रपटाचे नाव सांगितले, आणि तोही रानातली अळंबी वेचून विकणाऱ्या एका अमेरिकन जोडप्याचा, तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं, पण त्यात कामगारांचं काही आहे ना?" आम्ही म्हणालो, "त्यात दुसरं काहीच नाही." हे उत्तर थोडे अतिशयोक्तीचे होते. ते कितपत खरे, हे व्याख्यान संपल्यावर आपणच ठरवावे.

आधीच सांगून टाकतो की आम्ही चित्रपटांचे जाणकार नव्हे. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतील एका कपाटातल्या पुस्तकांवर, आणि उरलेले मालकांच्या वकिलांचे युक्तिवाद ऐकून. तेव्हा छायाचित्रण कसे आहे, संकलन कसे आहे, हे आम्हांस विचारू नये. एका चित्रपटाने आमच्या डोक्यातील एक जुना, पक्का समज हलवला, त्याची ही हकीकत आहे.

चित्रपटाचे नाव 'नाऊ, फोरेजर'. तो २०१२ सालचा. 'फोरेजर' म्हणजे रानावनातून अन्न वेचून आणणारा. ज्यांना जुने इंग्रजी चित्रपट आठवतात त्यांच्या लक्षात येईल की १९४२ साली बेटी डेव्हिस या नटीचा 'नाऊ, व्हॉयेजर' नावाचा एक गाजलेला चित्रपट आला होता. त्यात आईच्या धाकाखाली दबलेली एक श्रीमंत घरातील मुलगी प्रवासाला निघते आणि हळूहळू स्वतःच्या पायांवर उभी राहते. त्या नावातील प्रवासी काढून या मंडळींनी तेथे वेचणारा घातला. खाली जोडनाव असे की हा प्रेम आणि अळंबी यांविषयीचा चित्रपट आहे. इतक्या सरळ नावाचा चित्रपट आम्ही तरी दुसरा पाहिलेला नाही.

हा स्वतंत्र चित्रपट, म्हणजे मोठ्या कंपनीच्या पैशावाचून थोडक्या भांडवलात केलेला. जेसन कॉर्टलंड आणि जूलिया हॅल्परिन या दोघांनी मिळून त्याचे दिग्दर्शन केले. कथा कॉर्टलंडने लिहिली आणि नायकाचे कामही त्यानेच केले. आपल्या जुन्या नाटकमंडळ्यांत मालक, तालीममास्तर आणि नायक एकच असत, तसाच हा प्रकार. नायिका टिफनी एस्टेब.

कथा दोन वाक्यांत सांगता येते. लुसियन आणि रेजिना हे नवरा-बायको रानातली अळंबी वेचतात आणि न्यूयॉर्कच्या उपाहारगृहांना विकतात. राहणी साधी, मिळकत अनिश्चित. एके दिवशी रेजिनाला वाटते, आता पुरे. बांधलेला पगार हवा. ती ऱ्होड आयलंड या राज्यात एका बास्क उपाहारगृहात स्वयंपाकाची नोकरी धरते. बास्क म्हणजे स्पेन आणि फ्रान्स यांच्या सीमेवर राहणारे, खाण्यापिण्याच्या बाबतीत मोठे चोखंदळ लोक. लुसियनचे मन नेमके उलट धावते. त्याला वाटते, आहे तेही सोडावे आणि ऋतूमागून ऋतू, जेथे अळंबी उगवेल तेथे तिच्या मागे फिरत राहावे. दोघांचे एकमेकांवर प्रेम आहे आणि दोघांचेही अन्नावर प्रेम आहे. तरी त्यांची वाट फुटते. पुढे काय होते ते आम्ही सांगत नाही. ज्यांना पाहावयाचा असेल त्यांची मजा आम्ही का घालवावी?

गेल्या पावसाळ्यात आमच्या कचेरीतल्या तरुण सहकाऱ्यांनी भिंतीवर चादर लावून हा चित्रपट आम्हांला दाखवला. तो संपल्यावर तेथे जी वादावादी झाली ती आमच्या कार्यकारिणीच्या सभेतही कधी झालेली नाही. बहुतेक पुरुष लुसियनच्या बाजूचे. काय तो मनुष्य, कोणाची ताबेदारी नाही! आणि बायका एकजात रेजिनाच्या. त्यांतली एक, रुग्णालयात सफाईचे काम करणारी, म्हणाली, "त्याला रान दिसतं, तिला महिन्याची एक तारीख दिसते." आम्हांला मत विचारले तेव्हा आम्ही काहीच बोललो नाही. कारण तीस वर्षे आम्ही रेजिनाचेच भाषण करीत आलो होतो, आणि त्या रात्री आमचे मन लुसियनकडे ओढत होते.

या दोघांचा न्याय करावयाचा तर आधी तो धंदा समजून घ्यावयास हवा. कामगाराची तक्रार आली की आम्ही प्रथम त्याचे काम पाहावयास जातो. येथेही तेच करू.

पहिला प्रश्न असा: अळंबी शेतात पिकत असता रानात वेचावयास कशाला जावे? बाजारात प्लॅस्टिकच्या डब्यात मिळते ती पांढरी अळंबी कुजलेल्या खतावर वाढते, म्हणून ती बंद खोलीत हवी तेव्हा पिकवता येते. पण लुसियन-रेजिनासारखे लोक ज्या जातींच्या मागे असतात त्यांतील पुष्कळशा अशा खोलीला वश होत नाहीत. चँटरेल नावाची पिवळीधमक, जर्दाळूसारख्या वासाची अळंबी घ्या. आपल्याला जमिनीवर दिसते ते तिचे फळ. तिचा खरा देह म्हणजे मातीखालचे बारीक तंतूंचे जाळे, आणि ते जाळे जिवंत झाडाच्या मुळांना बिलगलेले असते. अळंबी झाडाला पाणी आणि क्षार पुरवते. झाड तिला साखर देते. जगातला हा फार जुना करार असावा, आणि दोन्ही पक्षांनी तो पाळलेला आहे. झाडावाचून ती अळंबी नाही. म्हणून ती पांढऱ्या अळंबीसारखी हवी तेव्हा पिकवता येत नाही. कोणीतरी रानात जाऊन, वाकून, ती आणावीच लागते.

हे आपल्याला परके वाटू नये. कोकणात आणि गोव्यात पहिल्या पावसानंतर काही आठवड्यांनी वारुळांवर अळंबी उगवते. गोव्यात तिला ओळमी म्हणतात. ती वाळवीच्या संगतीने वाढते. वाळवीवाचून तिची लागवड करणे कोणाला साधलेले नाही. बाजारात ती पानात गुंडाळून, नग मोजून विकतात, आणि भाव ऐकून मासळी स्वस्त वाटू लागते. ती विकणारी बाई पहाटे कोणत्या वारुळावरून आली हे आजवर कोणी कोणाला सांगितलेले नाही.

दुसरी गोष्ट, हे काम अडाणी माणसाचे नाही. न्यूयॉर्कच्या आसपासच्या रानांत वसंतात मोरेल उगवते, जिला आपल्याकडे हिमाचल-काश्मीरमध्ये गुच्छी म्हणतात. उन्हाळ्यात चँटरेल येते. पानगळीच्या दिवसांत ओकच्या बुंध्याशी 'हेन ऑफ द वूड्स', म्हणजे रानातली कोंबडी, पिसे फुलवून बसल्यासारखी दिसते. आणि यांच्याच शेजारी 'डेथ कॅप' आणि 'डिस्ट्रॉइंग एंजल' या जाती असतात. दुसरी तर शुभ्र, देखणी. यांचे विष शिजवून जात नाही. खाल्ल्यावर सहा-सहा, बारा-बारा तास काही होत नाही, मग उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस बरे वाटते आणि माणूस म्हणतो, सुटलो. तोवर यकृत निकामी होत आलेले असते. आपली आजी ज्याला कुत्र्याची छत्री म्हणून हात लावू देत नसे, त्या धाकामागे पिढ्यांची माहिती होती. वेचणाऱ्याच्या नजरेवर विश्वास टाकून शहरातला माणूस तो घास तोंडात घालतो. इतका विश्वास आपण आपल्या पुढाऱ्यांवरही टाकीत नाही.

या कामात किती गोडी असते याचे एक उदाहरण सांगतो. जॉन केज हा विसाव्या शतकातील अमेरिकेतला मोठा, थोडा विक्षिप्त समजला गेलेला संगीतकार. न्यूयॉर्कबाहेरच्या रानात राहत असताना त्याला अळंबीचे वेड लागले. १९५९ साली इटलीच्या दूरचित्रवाणीवर प्रश्नोत्तरांच्या स्पर्धेत त्याने अळंबी हाच विषय घेऊन मोठे बक्षीस जिंकले. न्यूयॉर्कमधील 'फोर सीझन्स' या बड्या उपाहारगृहाला तो स्वतः वेचलेली अळंबी पुरवीत असे, आणि १९६२ साली त्या शहरातील अळंबीप्रेमींची संस्था स्थापन करणाऱ्यांत तो होता. तात्पर्य, लुसियनचे वेड त्याच्या एकट्याचे नव्हे. चांगली चांगली माणसे त्या वाटेने गेलेली आहेत.

आता तिसरी गोष्ट, आणि आमच्या मते ही सर्वांत महत्त्वाची. अळंबी टिकत नाही. आज वेचली ती एकदोन दिवसांत विकावी लागते. उपाहारगृहाचा मुख्य स्वयंपाकी हे जाणून असतो. वेचणारा टोपली घेऊन मागच्या दाराशी उभा राहिला की भाव कोण ठरवणार? ज्याच्याजवळ वेळ आहे तो. 'आज नको, उद्या बघू' एवढे म्हटले की टोपलीतला माल निम्म्या किमतीचा झाला. आम्ही ही गोष्ट पडद्यावर पाहत नव्हतो. आम्हांला आमच्या गावचा मजूर अड्डा दिसत होता. सकाळी आठ वाजता नाक्यावर उभ्या असलेल्या गवंड्याजवळही असाच नाशिवंत माल असतो. त्याचा आजचा दिवस आज विकला गेला नाही तर तो उद्यासाठी मीठ लावून ठेवता येत नाही. दहा वाजले की त्याचा भाव पडतो, बारा वाजले की तो घरी जातो. अर्थशास्त्राची जाड जाड पुस्तके आम्ही वाचली, पण श्रम हा नासणारा माल आहे ही गोष्ट इतकी स्वच्छ आम्हांला एका टोपलीने समजावली.

तेव्हा रेजिना का थकली, हे कळावयास अवघड नाही. त्यात अमेरिकेची आणखी एक रीत लक्षात घ्यावी. तेथे कमावत्या वयाच्या बहुतेक माणसांचा आजारपणाचा विमा त्यांच्या नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की पगाराबरोबर दवाखानाही जातो. ज्याची नोकरीच नाही त्याने विमा पदरच्या पैशाने घ्यावयाचा, आणि तो फार महाग. २०१० साली तेथे नवा आरोग्य-कायदा झाला, पण नोकरीबाहेरच्या लोकांना विम्यासाठी मदत देणारा त्याचा मुख्य भाग १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. चित्रपट २०१२ सालचा. त्या दिवसांत रानात फिरणाऱ्या जोडप्याचा पाय मोडला असता तर नुसता पाय मोडला नसता, घर मोडले असते. चित्रपट याचा हिशोब मांडीत बसत नाही. आम्हीच हिशोब करणारी माणसे, म्हणून आम्हांला तो दिसला.

पण नोकरी म्हणजे तरी सुखाचे आगर असे समजू नये. ज्या देशात वेटरला बक्षिशी मिळते म्हणून त्याचे कायदेशीर किमान वेतन केंद्राच्या कायद्याने १९९१ पासून ताशी २ डॉलर १३ सेंटवरच ठेवले आहे (काही राज्यांनी ते आपल्यापुरते वाढवले), तेथील स्वयंपाकघरातले जीवन कसे असेल याची कल्पना करावी. रेजिना रानातला मोकळा वारा सोडून भट्टीसमोर उभी राहते, ती हौस म्हणून नव्हे.

येथे कोणी म्हणेल, मग अळंबीच्या धंद्यात राहून बांधलेला पगार का मिळू नये? मिळतो. त्याच देशात, न्यूयॉर्कपासून काही तासांच्या अंतरावर, पेनसिल्व्हेनिया राज्यात केनेट स्क्वेअर नावाचे गाव आहे. ते स्वतःला जगातील अळंबीची राजधानी म्हणवते, आणि अमेरिकेत पिकणाऱ्या अळंबीपैकी निम्म्याहून अधिक त्या राज्यात पिकते. तेथे लांबलचक अंधाऱ्या कोठारांत फळ्यांवर फळ्या चढवून वाफे केलेले असतात. तोडणारे, बहुतेक मेक्सिकोहून आलेले, डोक्याला दिवा बांधून फळ्यांवर चढतात आणि तोडीच्या मापावर मजुरी घेतात. झाड नाही, पाऊस नाही, ऋतू नाही. अळंबी बारमाही आहे, कामही बारमाही आहे.

या कामगारांची एक हकीकत आम्हांला फार मोलाची वाटते. १९३५ साली अमेरिकेत कामगारांना संघटना बांधण्याचा हक्क देणारा मोठा कायदा झाला. त्यातून शेतमजूर वगळले गेले. अळंबी तोडणारा शेतमजूर ठरला तर त्याला तो हक्क नाही. १९९३ साली केनेट स्क्वेअरच्या एका मळ्यातील कामगारांनी संप केला आणि आपली युनियन स्थापन केली. पुढे कित्येक वर्षे कज्जे चालले की अळंबी ही शेती आहे की नाही. अखेर २००१ साली एका प्रकरणात पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की राज्याच्या कायद्यापुरते हे कामगार शेतमजूर नव्हेत. अळंबी ही वनस्पतीच नाही हे शास्त्रज्ञ केव्हापासून सांगत आहेत. पण ती तोडणाऱ्याला माणसाचा हक्क मिळावा म्हणून ती शेतीमाल आहे की नाही याचा खल न्यायालयात व्हावा लागला. असो.

म्हणजे दोन टोके दिसतात. एका टोकाला लुसियन: रान आहे, ज्ञान आहे, आनंद आहे, पण पाठीशी कोणी नाही. दुसऱ्या टोकाला केनेट स्क्वेअर: कोठार आहे, माप आहे, भांडून मिळवलेली युनियन आहे, पण अंधारात तीच एक हालचाल दिवसभर. आमच्या चळवळीने जन्मभर माणसांना पहिल्या टोकाकडून दुसऱ्याकडे नेले, आणि आम्हांला त्याचा अभिमान होता. आजही आहे. पण आता एक गोष्ट कबूल करावयाची आहे, आणि तिच्यासाठीच आम्ही हा विषय घेतला.

फार वर्षांपूर्वी आम्ही उपाहारगृहांतील कामगारांची संघटना बांधीत होतो. एका मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात एक आचारी होते. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. त्यांना आणि आणखी अकराजणांना कायम करावे म्हणून आम्ही सहा वर्षे कोर्टात झगडलो. जिंकलो. हजेरीपत्रकावर नाव चढले, प्रॉव्हिडंट फंड सुरू झाला, भरपगारी रजा मिळाली. आम्ही पेढे वाटले. आणि आठच महिन्यांनी वस्तादांनी राजीनामा दिला.

आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि नको ते बोललो. ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, तिथं रोज एकच रस्सा. मीठसुद्धा मालक सांगेल तेवढं. लग्नात पाचशे पानं उठतात, एखादा म्हातारा मांडवामागं येऊन विचारतो, आमटी कुणी केली? तेव्हा वाटतं, मी आचारी आहे." आम्ही म्हणालो, "आणि लग्नसराई संपल्यावर?" ते काही बोलले नाहीत. त्यांची पत्नी दारात उभी होती. ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही ह्यांना कायम केलंत तेव्हा मी पहिल्यांदा वाण्याच्या दुकानात मान वर करून उभी राहिले. आता परत उधारीची वही पदराखाली लपवायची."

आम्ही त्या दिवशी वस्तादांना युनियनच्या यादीतून काढले. पुढे बाजारात भेटले तरी नजर चुकवू लागलो. आमच्या लेखी ते पळपुटे होते. अकराजणांच्या लढ्याला त्यांनी बट्टा लावला होता.

चित्रपट पाहिला त्या रात्री झोप लागली नाही. लुसियन पडद्यावर होता आणि आम्हांला वस्ताद दिसत होते; रेजिना होती आणि दारात उभी असलेली ती माउली दिसत होती. दोन दिवसांनी त्यांचा पत्ता काढून गेलो. वस्ताद आता सत्तरीपलीकडे आहेत. गुडघे गेले आहेत. फंड राजीनाम्याच्या वेळीच काढून घेतला होता, तो एका मुलीच्या लग्नात गेला. घर चालते ते पत्नीने अंगणवाडीत मदतनीस म्हणून केलेल्या नोकरीच्या पुंजीवर. आम्ही माफी मागावयास गेलो होतो; त्यांनी आधी विचारले, "कुणाचं लग्न काढलंय का?" मग बसल्या बसल्या पत्नीला सूचना देत त्यांनी आम्हांला पिठले खाऊ घातले. तसे पिठले आम्ही आयुष्यात खाल्लेले नाही. पत्नी म्हणाली, "एवढं शिकले सगळं, पण एक पावती नाही घरात." ती हे रागाने म्हणाली नाही, पण चाळीस वर्षांचा हिशोब त्या एका वाक्यात होता.

सभ्य स्त्रीपुरुषहो, दोघांचेही खरे होते. वस्तादांना आपल्या हातांवर हक्क हवा होता. त्यांच्या पत्नीला उद्याच्या दिवसावर हक्क हवा होता. या दोन मागण्या एकमेकींविरुद्ध आहेत असे आम्ही धरून चाललो, ही आमची चूक. आम्ही सुरक्षितता त्या हॉटेलातल्या जागेला बांधली. मनुष्य जागेवरून उठला की ती मागे राहिली. अमेरिकेने विमा नोकरीला बांधला, तोच हा प्रकार. मग प्रेम करणाऱ्या दोन माणसांत एकाने रान निवडावयाचे आणि दुसऱ्याने पगार, आणि जगाने म्हणावयाचे की त्यांचे स्वभाव जुळले नाहीत!

वास्तविक याचे उत्तर आमच्या घरात पडलेले होते. हमाल हा रोज नवा मालक असलेला माणूस. सकाळी एका पेढीवर पोती उतरवतो, दुपारी दुसऱ्या. त्याला कायम कोण करणार? मुंबईत अण्णासाहेब पाटील, पुण्यात बाबा आढाव अशा पुढाऱ्यांनी या माणसांना संघटित केले, आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्याची युक्ती साधी आहे. मंडळ स्थापन करावयाचे. त्यावर मालक, कामगार आणि सरकार यांचे प्रतिनिधी. हमालाची नोंद मंडळाकडे. जो जो व्यापारी त्याच्याकडून काम करून घेईल त्याने मजुरी आणि तिच्यावर ठरलेली लेव्ही मंडळात भरावयाची. त्या लेव्हीतून हमालाला फंड, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, बोनस. मालक शंभर असोत. सुरक्षितता माणसाबरोबर पेढीवरून पेढीवर चालत जाते. या मंडळांत आज दोष नाहीत असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या दाराशी आम्ही स्वतः धरणे धरलेले आहे. पण कल्पना खरी आहे.

हाच विचार आम्ही वस्तादांच्या बाबतीत का केला नाही? लग्नाचा आचारी म्हणजे दुसरे काय? वर्षाला साठ मालक असलेला कामगार. कायम करा, कायम करा, हा एकच शब्द आमच्या तोंडात बसला होता. माणसाला आपले काम आवडू शकते, आणि त्या आवडीसाठी तो पगारावर पाणी सोडू शकतो, ही शक्यता आमच्या मागणीपत्रकात कधी नव्हती.

लुसियनला माथाडी मंडळ जसेच्या तसे लागू पडणार नाही, हे आम्ही जाणतो. तो श्रम विकत नाही, माल विकतो; आणि तो एकटा आहे. एकट्याचे मंडळ होत नाही. किंबहुना त्या चित्रपटात आम्हांला सर्वांत जास्त बोचले ते हेच. रानाशी त्याचे नाते आहे, बायकोशी आहे, पण आपल्यासारख्या दुसऱ्या वेचणाऱ्याशी हात मिळवावा, भाव एकत्र ठरवावा, अडीअडचणीसाठी चार पैसे एकत्र ठेवावेत, हा विचार त्या मार्गावर लागत नाही. वेचणारा आपली जागा गुप्त ठेवतो. ते धंद्याला धरून आहे. पण जागा गुप्त ठेवता ठेवता माणूसही गुप्त होतो. ज्या अळंबीच्या मागे तो फिरतो ती मात्र मातीखाली झाडाला धरून असते. वर दिसणारी छत्री एकटी असते; तिचा जीव एकट्याचा नसतो.

आता शेवटचे. आपण म्हणाल, हा विषय युनियनवाल्यांचा, आमचा काय संबंध? संबंध असा की बाहेर लग्नसराई चालू आहे. या सभागृहातून उठून आपल्यांतले कित्येकजण उद्या कुठल्या ना कुठल्या पंगतीला बसणार आहेत, आणि काहींच्या घरी याच महिन्यात कार्य आहे. त्या एका दिवसापुरते आपण मालक आहात. कार्यालयाचे भाडे, रोषणाई, वाजंत्री यांचे हिशोब आपल्याजवळ लेखी असतात. भटाऱ्याचा हिशोब मात्र कंत्राटदाराशी तोंडी होतो, आणि मांडवामागे सोळा तास उभे राहणाऱ्या माणसाच्या हाती काय पडले हे आपल्याला ठाऊक नसते. आम्ही आमच्या गावात या आचाऱ्यांची नोंद सुरू केली आहे. पहिले नाव वस्तादांचे घातले. आता ते कामाला जाऊ शकत नाहीत, पण यादी त्यांच्यापासूनच सुरू व्हावयास हवी होती. प्रत्येक कार्यामागे थोडी लेव्ही जमा व्हावी, यासाठी दोन कार्यालयांशी बोलणे चालू आहे. अजून एकानेही होकार दिलेला नाही.

तो होकार मिळवणे आमचे काम. आपल्याला एवढीच विनंती की उद्या आमटी आवडली तर मांडवामागे जावे, ती कोणी केली हे विचारावे, त्याचे नाव लक्षात ठेवावे, आणि त्याची मजुरी त्याच्या हातात, पावतीसह पडते का, एवढे पाहावे. ती पावती घरात दाखवावयास त्याचीही कोणी वाट पाहत असेल.